हवामानबदल वर्गात शिकवताना: आधी वाद वेगळे करा, मग तास घ्या

हवामानबदल शाळेत शिकवायला उघडपणे 'नको' म्हणणारे आता थोडेच उरलेत. २०१५ च्या पॅरिस कराराच्या १२ व्या कलमात देशांनी या विषयाचं शिक्षण आणि जनजागृती वाढवण्याचं मान्य केलं. तरीही युनेस्कोने २०२१ मध्ये १०० देशांचे अभ्यासक्रम आराखडे तपासले, तेव्हा ४७ टक्के आराखड्यांत हवामानबदलाचा साधा उल्लेखही सापडला नाही. तत्त्वतः सगळे राजी, प्रत्यक्षात निम्मे गप्प. या गप्प बसण्याची कारणं कुठल्याही स्टाफरूममध्ये ऐकायला मिळतात: पालक भांडायला येतील, मुलं घाबरतील, हे राजकारण आहे, आधीच पोर्शन पुरा होत नाही, आणि मलाच ते नीट येत नाही. शेवटचं कारण कोणी मोठ्याने सांगत नाही. माझ्या मते तेच सगळ्यात मोठं आहे.

हा लेख आहे तो हा तास घ्यायला तयार असलेल्या, पण पाय मागे घेणाऱ्या शिक्षकांसाठी. पालकांनी वाचला तर तेही बरंच, कारण अर्धे वाद त्यांच्याशी झडतात.

पहिली पायरी: भांडण नेमकं कशावर आहे ते ओळखा

या विषयावरच्या वादांत बहुतेक वेळा तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. एक, काय घडतंय आणि का? दोन, हे ऐकून मुलांचं काय होतं? तीन, मग करायचं काय आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा? पहिल्याचं उत्तर पुराव्यातून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर मुलाचं वय आणि मन पाहून द्यावं लागतं. तिसऱ्याला एकच बरोबर उत्तर नाही; तिथे शहाणी माणसंही प्रामाणिकपणे वेगवेगळ्या बाजूंना असतात. शिक्षक तिसऱ्या प्रश्नावरचं स्वतःचं मत पहिल्या प्रश्नाच्या थाटात सांगतात, तेव्हा पालक चिडतात आणि त्यांचं चिडणं रास्त असतं. याच्या उलट, पहिल्या प्रश्नालाच 'दोन बाजू आहेत' असं म्हटलं की विज्ञान हातचं जातं.

इंग्लंडमध्ये २००७ साली हे प्रकरण थेट कोर्टात गेलं. सरकारने अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा हवामानबदलावरचा माहितीपट शाळांना वाटायचं ठरवलं आणि एका पालकाने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने माहितीपटावर बंदी घातली नाही. त्यातलं मुख्य विज्ञान मोटामोटी बरोबर असल्याचं न्यायाधीशांनी मान्य केलं. पण तो प्रचलित वैज्ञानिक मतापुढे गेल्याच्या ९ जागा त्यांनी दाखवल्या आणि शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शक टिपांसह तो दाखवावा, असा निकाल दिला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या शिक्षण विभागाने शाळांतल्या राजकीय निःपक्षपातीपणावर मार्गदर्शिका काढली, त्यातही हीच रेघ आहे: हवामानबदलाचं विज्ञान शिकवणं हे राजकारण नाही, पण त्यावर कोणता उपाय योजायचा हा राजकीय प्रश्न असू शकतो आणि तिथे वेगवेगळी मतं मांडावीत.

तासाची तयारी करताना एक पान घ्या, तीन रकाने पाडा आणि तुम्ही वर्गात बोलणार असलेलं प्रत्येक वाक्य त्यात टाकून पाहा. 'गेल्या शतकातली तापमानवाढ मुख्यतः माणसामुळे झाली' हे सरळ पहिल्या रकान्यात जातं. 'कोळशाची वीजकेंद्रं लवकरात लवकर बंद करायला हवीत' हे तिसऱ्यात, तुम्हाला ते कितीही स्वच्छ पटत असलं तरी. आता हे वाक्य घ्या: 'आपल्याकडे वेळ फार कमी उरलाय.' हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. कशासाठी कमी? पॅरिस करारात म्हटल्याप्रमाणे तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्यासाठी म्हणत असाल तर ते आकड्यांनी दाखवता येतं, मग तसंच म्हणा. नुसतं वाक्य सोडून दिलं तर मुलाच्या कानात ते धमकीसारखं पडतं. कुठेच न बसणारी अशी वाक्यं एकतर फोडून लिहा, नाहीतर गाळा. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

दुसरी पायरी: स्वतःची तयारी पक्की करा

अमेरिकेतल्या शाळांमधल्या सुमारे १५०० विज्ञान शिक्षकांची पाहणी २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या विषयाला वर्षभरात साधारण एक-दोन तास मिळतात, असं त्यात दिसलं. जवळपास ३० टक्के शिक्षक अलीकडची तापमानवाढ नैसर्गिक कारणांनी झाली असावी, असं शिकवत होते. आणि माणूस हे मुख्य कारण आहे यावर वैज्ञानिकांत किती एकमत आहे, हे निम्म्याहून कमी शिक्षकांना ठाऊक होतं. हे शिक्षक खोडसाळ नव्हते. ते कॉलेजात असताना त्यांच्यातल्या अनेकांना हा विषय कोणी शिकवलाच नव्हता.

म्हणून आधी इतकं तरी पक्कं हवं. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, ही कालची कल्पना नाही. युनिस फूट या अमेरिकन महिलेने १८५६ मध्ये वायू भरलेल्या नळ्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते, हे नोंदवलं. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून कोणते वायू उष्णतेचे किरण शोषतात, ते प्रयोगशाळेत मोजलं. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित कागदावर मांडलं. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या माउना लोआ इथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं सलग मोजमाप सुरू केलं. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता. औद्योगिक क्रांतीच्या आधी तो २८० च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. १८५०–१९०० च्या सरासरीच्या तुलनेत २०११–२०२० हे दशक १.१ अंश सेल्सिअसने जास्त उष्ण होतं.

'पण हे माणसामुळेच कशावरून?' हा प्रश्न येणारच, आणि तो चांगला प्रश्न आहे. सूर्य जास्त तळपत असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा स्थितांबर थंड होतोय. उष्णता खाली अडकते तेव्हा असंच घडतं. शिवाय हवेतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं (कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण ज्या दिशेने बदलतंय, ते जमिनीतून काढलेलं इंधन जळल्याची खूण दाखवतं. 'वैज्ञानिक सांगतात म्हणून' असं उत्तर देण्यापेक्षा या दोन गोष्टी सांगाव्यात. मुलांना 'कोण म्हणतं' यापेक्षा 'कशावरून' जास्त पटतं.

आणि एक जुना घोळ: ओझोनचं छिद्र आणि हवामानबदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं हमखास त्यांची गल्लत करतात, मोठेही करतात. तासाच्या सुरुवातीलाच तेवढं निस्तरून टाकावं.

तिसरी पायरी: सांगण्याआधी दाखवा

बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी वाढते, असं सगळी मुलं सांगतात. कोणता बर्फ, हे विचारा. वर्ग शांत होतो.

दोन सारखी पारदर्शक भांडी घ्या. एकात मोठा दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहील इतकंच पाणी ओता आणि दगडाच्या माथ्यावर बर्फाचे तुकडे रचा. दुसऱ्यात तेवढेच तुकडे थेट पाण्यात तरंगत सोडा. बर्फ ठेवून झाल्यावर दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर बारीक रेघ मारा. हा क्रम महत्त्वाचा, कारण मुलं घाईत आधी रेघ मारतात आणि मग बर्फ टाकतात, आणि प्रयोग तिथेच फसतो. दगडावरचे तुकडे पाण्याला टेकत नाहीत ना, तेही पाहा. आता रेघ न दाखवता प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या: कुठे पाणी चढेल? बर्फ वितळेपर्यंत दुसरं काम करा. दगडाच्या भांड्यात पाणी रेघेवर चढलेलं दिसतं, तरंगत्या बर्फाच्या भांड्यात ते जिथल्या तिथे असतं. अंदाज चुकलेल्या मुलांनाच 'असं का?' हे शोधायला लावा. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो, इथवर ती दोन-चार प्रश्नांत पोचतात. (समुद्राचं पाणी खारं आणि बर्फ गोड्या पाण्याचा, म्हणून तिथे नगण्य फरक पडतो. एखाद्या चौकस मुलीने हे काढलं तर तिला मिठाचं पाणी घेऊन प्रयोग करू द्या.) मग नकाशावर उत्तर ध्रुवाचा समुद्री बर्फ आणि ग्रीनलँड दाखवा. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर जगभर समुद्र सुमारे ७ मीटरने चढेल. पण याला शतकानुशतकं लागतील, हे त्याच दमात सांगा. १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सुमारे २० सेंटिमीटर चढलाय आणि त्यात वितळलेल्या बर्फाबरोबरच पाणी तापून प्रसरण पावल्याचाही मोठा वाटा आहे. ७ मीटर आणि २० सेंटिमीटर हे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.

एक प्रयोग मात्र टाळा, निदान नेहमीच्या पद्धतीने करू नका. दोन बाटल्या, एकीत हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड, वरून दिवा, आत थर्मामीटर. तापमान खरंच जास्त चढतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. पण अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की इथे निकाल बरोबर असला तरी कारण चुकीचं असतं. जड वायूमुळे बाटलीतली हवा खालीवर मिसळत नाही आणि थर्मामीटरभोवती उष्णता साठते. उष्णतेचे किरण न शोषणारा आरगॉन भरला तरी जवळपास तसाच फरक दिसतो. संशय घेणाऱ्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याने किंवा पालकाने हे हेरलं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडेल. त्यापेक्षा हाच प्रयोग मोठ्या मुलांना 'यात काय चुकतंय?' असं विचारून द्यावा. तो उत्तम तास होतो.

बाटल्यांऐवजी आकडे द्या. माउना लोआची वार्षिक सरासरी १९६० मध्ये सुमारे ३१७, १९८० मध्ये ३३९, २००० मध्ये ३७०, २०२० मध्ये ४१४ होती. आलेखकागदावर बिंदू मांडायला लावा आणि दर २० वर्षांची वजाबाकी करायला सांगा: २२, ३१, ४४. वाढ होतेय एवढंच नव्हे, वाढीचा वेगही वाढतोय, हे मुलं स्वतः शोधून काढतात. फळ्यावर तुम्ही लिहून दिलेलं ती दुसऱ्या दिवशी विसरतील, हे मात्र नाही.

चौथी पायरी: वय पाहून खोली ठरवा

साधारण आठ-नऊ वर्षांपर्यंत हवामानबदल हा शब्दही काढायची गरज नाही. सावली कुठे पडते, कोणतं झाड कधी फुलतं, पाऊस मोजायचा कसा, पक्षी कोणत्या महिन्यात दिसतात, हे नोंदवायला शिकवा. ज्या निसर्गाशी ओळखच नाही त्याच्या नाशाची बातमी आधी देऊ नये. या वयातल्या मुलाने बर्फावरच्या अस्वलाबद्दल विचारलंच तर खरं तेवढं थोडक्यात सांगा: 'हो, त्याचा बर्फ कमी होतोय, आणि माणसं त्यावर काम करताहेत.' विचारल्यापेक्षा जास्त नको.

दहा ते तेरा हे यंत्रणा समजून घ्यायचं वय. वरचे प्रयोग याच मुलांसाठी. रोजचं ऊन-पाऊस वेगळं आणि ३० वर्षांची सरासरी वेगळी, हे इथे पक्कं व्हायला हवं. नाहीतर थंडीची एक लाट आली की 'कुठाय तापमानवाढ?' हा प्रश्न घरून वर्गात येतो. चौदाच्या पुढे न्याय, खर्च, धोरण, जबाबदारी हे सगळं खुलं करा. पुढची सहावी पायरी त्यांच्यासाठी आहे.

पाचवी पायरी: भीतीशी प्रामाणिकपणे वागा

'मुलं घाबरतात' हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयोगटातल्या १० हजार तरुणांची पाहणी 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आली. त्यातल्या ५९ टक्क्यांनी हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते, असं सांगितलं. ४५ टक्क्यांहून जास्त जणांच्या मते या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो. ही पाहणी सोळा वर्षांच्या पुढची आहे, आठ वर्षांच्या मुलांबद्दल ती काहीच सांगत नाही. शिवाय ही भीती शाळेने घातली, असंही त्यात कुठे नाही. उलट मोबाइलवर जे पाहून मुलं घाबरतात, त्यावर शांतपणे बोलायची जागा शाळेखेरीज फारशी कुठे नसते.

वर्गात एखादा म्हणाला, 'सर, शिकून काय उपयोग, सगळं संपणारच आहे ना?' तर दोन गोष्टी करू नका. 'छे, काही होत नाही' म्हणू नका, आणि लगेच 'एक झाड लाव, जग वाचेल' हेही नको. दोन्हीत त्याची काळजी झटकली जाते आणि ते त्याला कळतं. आधी विचारा, 'संपणार म्हणजे काय होईल असं वाटतंय तुला?' त्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एखादं ठरावीक वाक्य असतं, '२०३० ला जग बुडणार' यासारखं. ते फळ्यावर घ्या आणि तपासा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या वैज्ञानिक समितीच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं की तापमानवाढ १.५ अंशांपाशी थांबवायची असेल तर २०३० पर्यंत जगाचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी खाली यायला हवं. जग संपेल असं त्यात नव्हतं. १.५ च्या पुढे गेलं म्हणजे कड्यावरून पडलो असंही नसतं, १.६ हे १.७ पेक्षा बरं आणि १.७ हे १.८ पेक्षा. दहाव्या भागाचाही फरक पडतो, हे कळलं की मुलांची हताशा बरीच उतरते. खोटी आशा दिली, असंही मग कोणी म्हणू शकत नाही.

प्रत्येक अवघड तासाच्या शेवटी लोक प्रत्यक्ष काय करताहेत ते थोडं ठेवा: सौरऊर्जा गेल्या दोन दशकांत किती स्वस्त झाली, किनाऱ्यावरच्या वस्त्यांना वादळाचा इशारा आता किती आधी मिळतो. घोषणा नकोत, काम दाखवा. एखादं मूल मात्र झोपत नसेल, जेवत नसेल, तर तो तासाचा विषय राहत नाही. समुपदेशकांशी आणि घरी बोला.

सहावी पायरी: खरा वाद वर्गात आणा

'दोन्ही बाजू शिकवा' ही मागणी वारंवार येते. कोणत्या प्रश्नाच्या दोन बाजू, हे विचारल्याशिवाय तिला हो किंवा नाही म्हणू नका. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या शिक्षण मंडळाने अभ्यासक्रमातल्या 'गेल्या शतकातली तापमानवाढ' या मजकुरात गुपचूप 'वाढ आणि घट' असं करून घेतलं. विज्ञान शिक्षकांनी आवाज उठवल्यावर जानेवारी २०१५ मध्ये तो बदल मागे घ्यावा लागला. हा समतोल नव्हता, मोजलेल्या आकड्यांत केलेली फिरवाफिरव होती.

आकडे न बदलताही फिरवाफिरव करता येते, आणि ते मुलांना शिकवण्यासारखं आहे. वर्गाचे दोन गट करा. जागतिक तापमानाची एकच आकडेवारी घेऊन एका गटाला १९९८ ते २०१२ एवढाच तुकडा द्या, दुसऱ्याला १९७० पासून आजपर्यंतचा. दोघांनाही 'तापमान वाढतंय का?' यावर एका वाक्यात बातमीचा मथळा लिहायला सांगा. पहिला गट लिहितो, 'तापमानवाढ मंदावली'. दुसरा लिहितो, 'पृथ्वी तापतेय'. मग तक्ते अदलाबदल करू द्या. १९९८ हे जोरदार एल निनोचं (प्रशांत महासागराचं पाणी तात्पुरतं तापण्याचं), म्हणून असाधारण उष्ण वर्ष होतं. मोजणी शिखरापासून सुरू केली की पुढचा रस्ता सपाटच दिसणार. हे त्यांना स्वतः सापडू द्या. तसंच २०२४ साल १.५ अंशांच्या वर गेलं म्हणून 'पॅरिस कराराची मर्यादा मोडली' असं लिहिणाऱ्यालाही अडवा. ती मर्यादा दीर्घकाळच्या सरासरीची आहे, एका वर्षाची नव्हे. दोन्ही बाजूंचा अतिरेक पकडला, की शिक्षक कोणाच्या बाजूचा हा प्रश्नच मागे पडतो.

आता तिसरा रकाना. इथे मात्र जोरात वाद घडवा. अणुऊर्जा वाढवावी का? कार्बनवर कर लावला तर गरिबांवर बोजा पडेल का, आणि तो कसा टाळता येईल? उत्सर्जन कमी करण्यावर पैसा घालायचा की येणाऱ्या पुरा-उष्म्याला तोंड देण्यावर? आणि सगळ्यात तापणारा प्रश्न: कोणी किती करायचं? आजवरच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा ३ टक्क्यांच्या आसपास. दर डोई पाहिलं तर अमेरिकेचं वर्षाचं उत्सर्जन सुमारे १४ टन आणि भारताचं सुमारे २. पण आजच्या वर्षाच्या एकूण उत्सर्जनात भारत चीन आणि अमेरिकेनंतर तिसऱ्या क्रमांकावर येतो. हे तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्हींवरून वेगवेगळा 'दोषी' निघतो. मुलांना देश वाटून द्या, प्रत्येकाला स्वतःच्या सोयीचा आकडा निवडून बाजू मांडू द्या, आणि मग बाजू बदला. कालच्या आपल्याच मुद्द्याला उत्तर द्यावं लागलं की मुलं अतिशय बारकाईने बोलतात. आंतरराष्ट्रीय वाटाघाटी का अडतात, हे यापेक्षा चांगलं शिकवता येत नाही.

तुमचं मत कोणी विचारलं तर लपवू नका, पण शेवटी सांगा आणि ते मत आहे असं म्हणून सांगा. गुण मत पाहून देत नाही, हेही आधीच जाहीर केलेलं बरं.

सातवी पायरी: फुकट आलेलं साहित्य चाळून घ्या

२०१७ मध्ये हार्टलँड इन्स्टिट्यूट या अमेरिकन संस्थेने हवामानबदलाच्या विज्ञानावर शंका घेणारं पुस्तक हजारो विज्ञान शिक्षकांना टपालाने पाठवलं. इंधन कंपन्यांचे रंगीत धडे, प्रचारसंस्थांची भडक पत्रकं, दोन्ही शाळेत पोचतात, आणि शिक्षकाला वेळ नसतो म्हणून वापरलीही जातात. तपासायला तीनच प्रश्न पुरतात: पैसा कोणाचा, आकड्याचा मूळ स्रोत दिलाय का, आणि यातली किती वाक्यं पहिल्या रकान्यात बसतात. एरवी केराची टोपली जवळच असते.

आठवी पायरी: पालकांना आधी सांगा, नंतर नव्हे

धडा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी एक पानभर चिठ्ठी घरी पाठवा: काय शिकवणार, कोणते प्रयोग, कोणत्या प्रश्नांवर मुलं वाद घालणार. निम्मा संशय तिथेच गळतो. राहिलेले पालक सभेत बोलतील. 'मॅडम, तुम्ही मुलांना एका पक्षाचं शिकवताय', असं कोणी म्हटलं तर तीन रकान्यांचं पान काढा आणि विचारा, 'यातलं कोणतं वाक्य तुम्हाला चुकीच्या रकान्यात वाटतं, दाखवाल का?' वाद व्यक्तीवरून वाक्यावर येतो. त्यांनी दाखवलेलं वाक्य खरंच चुकीच्या जागी असेल, तर तिथल्या तिथे हलवा.

मुलं घरी जाऊन बोलतात आणि त्याचा परिणामही होतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये १० ते १४ वर्षांच्या मुलांवर झालेला आणि २०१९ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये आलेला अभ्यास सांगतो की मुलांनी हा विषय शिकल्यावर पालकांचीही काळजी वाढली. सगळ्यात जास्त ती रूढिमतवादी पालकांची आणि वडिलांची वाढली, आणि मुलग्यांपेक्षा मुलींच्या बोलण्याचा परिणाम अधिक होता. हा निकाल वाचून शिक्षकांना हुरूप येतो, पण जरा दमाने. मुलाला घरी प्रचारक म्हणून पाठवणं हे पालकांनी ठेवलेल्या विश्वासाच्या विरुद्ध आहे. 'आई-बाबांना गाडी वापरू नका म्हणून सांगा' हा गृहपाठ नको. 'घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी विहिरी, पाऊस, थंडी कशी होती. उत्तर जसंच्या तसं लिहून आणा' हा गृहपाठ द्या. आठवणी म्हणजे पुरावा नव्हे, हेही वर्गात त्याच उत्तरांवरून शिकवता येतं: त्या आठवणी त्या भागातल्या पावसाच्या नोंदींशी ताडून पाहा.

नववी पायरी: तास कुठे बसवायचा आणि परीक्षा कशी घ्यायची

वेगळा विषय करावा की असलेल्या विषयांत मिसळावा, यावर देशोदेशी दोन्ही प्रयोग चाललेत. इटलीच्या शिक्षणमंत्र्यांनी २०१९ मध्ये वर्षाला सुमारे ३३ तास देण्याची घोषणा केली. अमेरिकेतल्या न्यू जर्सीने २०२० मध्ये हा विषय अनेक विषयांच्या अभ्यासक्रमात घालायचं ठरवून सप्टेंबर २०२२ पासून तो सुरू केला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले होते. माझा कल मिसळण्याकडे आहे. वेगळा विषय केला की त्याचं वेगळं पुस्तक येतं, मग गाइड येतं, आणि शेवटी 'हरितगृह वायूंची नावे लिहा'. भूगोलात नकाशा, विज्ञानात बर्फाची भांडी, गणितात माउना लोआचा आलेख, नागरिकशास्त्रात देशांचा वाद, भाषेत पालकांना पत्र. फक्त हे सगळं एकाच पंधरवड्यात येईल, असं सहकाऱ्यांशी बसून ठरवावं लागतं, आणि इथेच घोडं अडतं. मुख्याध्यापकांकडून एक बैठक मागून घ्या, तेवढी पुरते.

परीक्षेत तोंडपाठाचा प्रश्न एखादाच ठेवा. बाकी असे द्या: दोन आलेख, एकातला वर्षांचा तुकडा मुद्दाम निवडलेला, कोणता फसवा आणि का? किंवा एक बातमी देऊन विचारा, यातली कोणती वाक्यं पुराव्याची, कोणती मताची? किंवा, 'कार्बनवर कर लावावा' याच्या बाजूने तीन मुद्दे लिहा आणि विरोधात तीन. उत्तरपत्रिका तपासताना शेवटच्या प्रश्नात दोन्ही बाजूंचे मुद्दे सारखेच भक्कम आहेत का एवढंच बघा. मत लिहिलं नसेल तर गुण कापू नका.

आणि टिपणवहीतले आकडे दरवर्षी जूनमध्ये बदला. माउना लोआची सरासरी, मागच्या वर्षाचं जागतिक तापमान, देशांचं उत्सर्जन, हे तीन पुरेत. पाच वर्षांपूर्वीचा आकडा फळ्यावर लिहिलात तर मागच्या बाकावरचा मुलगा मोबाइलवर ताजा काढून दाखवतो. मग आलेखावरचा पुढचा बिंदू त्यालाच मांडायला लावा.